दप्तराबाहेरची दुचाकी

ज्यांच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटच्या, म्हणजे 250 वॅटच्या आत आहे आणि ज्यांचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या वर जात नाही, अशा विजेवरच्या दुचाकींना 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटार वाहन मानण्याचेच नाकारले आहे. कारखानदाराने तसा दाखला एकदा मिळविला की त्या वापरणाऱ्याला नोंदणी, विमा, परवाना यांपैकी कशाचीच तसदी पडत नाही. या मर्यादेच्या वर जे काही आहे ते मोटार वाहन, आणि ते रस्त्यावर आणायचे तर त्याचा एक नमुना आधी सरकारमान्य संस्थेपुढे ठेवून, त्याचे ब्रेक, दिवे, चौकट, विद्युत्-संच यांची परीक्षा करवून घेऊन मंजुरी आणावी लागते, आणि मगच त्या नमुन्याबरहुकूम घडविलेल्या हजारो प्रतींना क्रमांक मिळतो. अशी परीक्षा घेणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी दोन पुण्यात आणि एक अहिल्यानगरला आहे, म्हणजे या बाबतीत महाराष्ट्राने गाऱ्हाणे सांगावे अशी परिस्थिती नाही. परंतु या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की वाहन कारखान्यातच जन्मते आणि एका नमुन्यामागून त्याच्या अनेक प्रती निघतात. एकाच माणसाने आपल्या हाताने एकच वाहन घडविले तर ते कोणत्या रकान्यात लिहावे, याचे उत्तर या नियमांत मला सापडलेले नाही. आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेमके असेच एक वाहन उभे आहे.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना एवढेच सांगतो की, एखादा भाग बाजारात मिळत नाही ही सबब तेथे कोणी ऐकून घेत नाही. ओतशाळा, लेथ, पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या त्या वस्तीत तुटलेला तुकडा घेऊन जायचे आणि संध्याकाळी नवा घेऊन परतायचे, हा शिरस्ता आहे. तेथील एक वयस्क टर्नर, ज्यांना सारी गल्ली आण्णा म्हणते, आणि तंत्रनिकेतनातून विद्युत् शाखेची पदविका घेतलेला त्यांचा भाचा, या दोघांनी मिळून ही दुचाकी घडविली. नावे छापायची नाहीत ही अट त्यांनी पहिल्याच भेटीत घातली, आणि वाहनाची कायदेशीर स्थिती लक्षात घेता ती मला वाजवी वाटली. तीन किलोवॅटची मोटार, 72 व्होल्टची बॅटरी, सीमलेस नळ्या वाकवून व झाळून केलेली चौकट, भंगारबाजारातून उचललेल्या मोटारसायकलीचा पुढचा चिमटा आणि डिस्क ब्रेक, असा तिचा थाट आहे. पॅडलेही आहेत, ती बहुधा केवळ लाजेखातर ठेवली असावीत, कारण साठ किलोंच्या आसपास वजनाचे ते धूड पायांनी रेटण्याचा प्रसंग येऊ नये अशीच कोणीही प्रार्थना करील.

या खटाटोपाला जे लोक आजकालच्या पोरांचे खूळ समजतात त्यांनी अमेरिकेच्या पेटंट-दप्तरातील एक नोंद पाहावी. ओहायो संस्थानातील कॅन्टन गावच्या ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाला 31 डिसेंबर 1895 रोजी विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. त्याची मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसविलेली होती, मध्ये ना साखळी ना दंतचक्र, आणि तिला 10 व्होल्टच्या बॅटरीतून 100 अँपिअरपर्यंत प्रवाह घेता यावा अशी त्याची कल्पना होती. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर 1000 वॅट होतात. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कागदावर उतरलेली ही सायकल आजच्या आपल्या मर्यादेच्या चौपट शक्तीची होती. कागदावरून ती रस्त्यावर यायला मात्र दोन गोष्टींची वाट पाहावी लागली. शिशाच्या बॅटऱ्यांचे वजनच इतके की त्यांनी दिलेली शक्ती त्यांनाच वाहून नेण्यात खर्ची पडे, आणि त्या काळच्या चुंबकांना तुंब्यासारख्या लहान जागेत पुरेसा जोर नव्हता. 1980 च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, 1991 मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला, आणि बोल्टनची जुनी कल्पना उद्यमनगरातील एका दहा बाय पंधराच्या गाळ्यात साकार होण्याइतकी स्वस्त झाली.

मोटारीविषयी विचारले तेव्हा आण्णांच्या बोलण्यात कौतुकाचा लवलेश नव्हता. "मोटर काय हो, पैसं टाकलं की घरपोच येती," ते म्हणाले, "ती ज्या खाचंत बसायची ती खाच कोण देणार?" या एका प्रश्नात त्यांच्या पहिल्या प्रयत्नाचा सगळा इतिहास होता. तो प्रयत्न त्यांनी घरच्याच जुन्या सायकलीवर केला होता. तुंब्यातील मोटार चाकाला जितक्या जोराने पुढे फिरविते तितक्याच जोराने ती आपल्या आसाला, म्हणजे ॲक्सलला, मागे फिरवू पाहते, आणि त्या आसाला धरून ठेवणारे तेथे काय असते, तर मागच्या चिमट्याच्या टोकाला असलेली दोन खाचांची पत्र्याएवढी जाड कडा. आस 14 मिलिमीटरचा, त्याच्या दोन बाजू घासून सपाट केलेल्या, त्या सपाटींमधले अंतर 10 मिलिमीटर. आणि मोटारीचा पीळ 100 न्यूटन-मीटरच्या घरात. एवढा पीळ इतक्या आखूड भुजेवर तोलायचा म्हणजे खाचेच्या त्या दोन कडांवर सुमारे 1000 किलो वजनाइतका भार येतो. सायकल काही वाव पुढे गेली, खाच फाकली, आस जागच्या जागी गरकन फिरला, आणि त्याच्या पोकळीतून बाहेर येणाऱ्या तारा पिळवटून तुटल्या. माणूस पडला नाही, ही त्यांची पुण्याई.

त्यानंतर आण्णांनी जे केले ते मला या संपूर्ण यंत्रातील सर्वांत सुंदर काम वाटते, जरी पाहणाऱ्याचे तिकडे लक्षही जाणार नाही. 8 मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचे दोन तुकडे त्यांनी कापले, त्यांत आसाच्या मापाची भोके पाडली, आणि त्या भोकांच्या सपाट बाजू कानशीने घासत घासत अशा आणल्या की प्लेट आसावर हातोडीच्या हलक्या ठोक्यानेच चढावी. यंत्रावर हे काम लवकर झाले असते. पण मोटारीतून वेग कमी करताना वीज परत बॅटरीत घेण्याची सोय ठेवली तर पीळ उलट दिशेने बसतो, आस पुढे-मागे असा सतत हलू पाहतो, आणि केसाइतकीही फट राहिली तर ती दररोज वाढत जाते. ती फट त्यांना बोटाला जाणवते, मापकाला नाही, असे त्यांचे म्हणणे. आजच्या चौकटीत या प्लेटा चिमट्याला चार चार बोल्टांनी जखडलेल्या आहेत.

चाकाचे आरे भरण्याचे काम त्यांनी स्वतः न करता राजारामपुरीतल्या एका सायकलवाल्याकडे सोपविले, आणि त्या बुजुर्गाने एवढ्या मोठ्या तुंब्याला नेहमीसारखी तीनदा आडवी गुंफण घालण्यास साफ नकार दिला. तुंबा रुंद असला की आरे आखूड होतात, आखूड आरा तिरपा गेला की निपलशी वाकतो, आणि वाकलेला आरा तुटतो. म्हणून एकदाच गुंफायचे आणि जाड आरे घ्यायचे. आउट काढलेले ते चाक मी फिरवून पाहिले. कडा कागदाइतकीही हलत नव्हती.

बॅटरी हे भाच्याचे राज्य. 18 मिलिमीटर व्यासाचे आणि 65 मिलिमीटर लांबीचे 160 सेल, आठ-आठांचे गट समांतर जोडलेले आणि असे वीस गट एकापुढे एक ओळीने; त्यातून 72 व्होल्ट आणि 20 अँपिअर-तास, आणि पूर्ण भरल्यावर 84 व्होल्ट. नुसत्या सेलांचे वजन सात किलोंच्या वर जाते. हिशेबाच्या वहीत सर्वांत मोठी रक्कम यांच्याच नावे आहे, आणि सर्वांत मोठी फसवणूकही याच बाजारात होते, कारण जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलावर नवे वेष्टन चढवून तो नवा म्हणून विकणारे लोक काही थोडे नाहीत. भाचा प्रत्येक सेलाचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजतो, वहीत लिहितो, कित्येक दिवस तसेच पडू देतो, पुन्हा मोजतो, आणि या मुदतीत ज्याचा व्होल्टेज उतरला तो सेल बाजूला काढतो. जोडपट्टी निकेलचीच पाहिजे. निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी स्वस्त मिळते, पण तिचा रोध अधिक, म्हणून ती तापते. ती ओळखण्याची त्याची रीत साधी आहे: पट्टीवर ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी गंज दिसला तर दुकानदाराला परत.

एवढी दक्षता कशासाठी, हे समांतर जोडणीचे स्वरूप समजले की ध्यानी येते. त्या गटातील आठ सेल म्हणजे एकत्र कुटुंबातील आठ भाऊ. एकाचे डोके फिरले की बाकीच्या सातांची शिदोरी विनातक्रार त्याच्याकडे धावते, आणि त्याचा दाह वाढतच जातो. सेलाच्या धन टोकाशी वेष्टन फाटले आणि पट्टी तेथे टेकली तरी एवढ्याने सुरुवात होऊ शकते, म्हणून प्रत्येक टोकावर त्याने कागदी निरोधकाची चकती बसविली आहे. वर संरक्षक मंडल आहे, फ्यूज आहे, ॲल्युमिनियमची पेटी आहे. आणि तरीही चार्जिंग गाळ्याबाहेर, दिवसाउजेडी, कोणीतरी समोर असतानाच होते, जवळ पाण्याची नळी आणि वाळूच्या बादल्या असतात. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्याच वर्षी केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे मानक अधिक कडक केले. न्यूयॉर्क शहराने तर 2023 साली प्रमाणपत्र नसलेल्या दुचाकी-बॅटऱ्यांच्या विक्रीला मनाई केली, आणि वापरलेले सेल काढून पुन्हा जोडलेल्या बॅटऱ्याही त्या मनाईत आल्या. मला हे हुकूम जाचक वाटत नाहीत. ज्याच्या घरात माणसे झोपतात त्याला शेजारच्या गाळ्यात कोण काय जोडतो आहे हे जाणण्याचा अधिकार आहे.

कंट्रोलरला बॅटरी प्रथम जोडण्याचा क्षण नवख्याला हमखास घाबरवतो. कंट्रोलरमधील कपॅसिटर रिकामे असतात, ते एका क्षणात भरण्यासाठी प्रचंड प्रवाह ओढतात, आणि जोडणीच्या टोकाशी निळी ठिणगी उडून तांब्याचा कण जळून जातो. भाच्याने त्यासाठी आधी एका रोधातून कपॅसिटर भरून घेण्याची खुंटी ठेवली आहे. ती दाबायची, दोन श्वास थांबायचे, मग मुख्य जोडणी. मोटारीच्या वेटोळ्यांना चिकटविलेला तापमापक हँडलवरच्या लहान पडद्यावर अंश दाखवितो, आणि चालवणाऱ्याने वेगापेक्षा त्याच आकड्याकडे लक्ष ठेवावे असा त्याचा दंडक आहे. चढावर, कमी वेगात, मोटार प्रवाह तर भरपूर घेते पण फिरते थोडी. मग त्या विजेचे काम न होता उष्णता होते, आणि साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे आपले तेज गमावू लागतात. गेलेले चुंबकत्व थंड झाल्यावर सगळे परत येत नाही.

आता चालविण्याविषयी. सार्वजनिक रस्त्यावर हे वाहन कधी नेलेले नाही असे दोघेही सांगतात. एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, गोदामांमधून जाणारा लांब सरळ डांबरी रस्ता आहे, तेथे ते रविवारी टेंपोतून नेतात. मी बसलो तेव्हा हेल्मेट, हातमोजे, जाड जाकीट असा सगळा सरंजाम भाच्याने अंगावर चढवायला लावला आणि प्रवाहाची मर्यादा निम्म्यावर आणून ठेवली. मूठ पिळली, आणि आवाज असा काही झालाच नाही; पाठीमागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलावे तसा एक अखंड रेटा आला, त्यात गिअर बदलताना येणारा विसावा नव्हता, इंजिनाची कुरकुर नव्हती, आणि वेगाची कल्पना देणारी जी एक सवयीची घरघर कानांना ठाऊक असते ती नसल्यामुळे पडद्यावरचा 50 चा आकडा मला खोटा वाटला. त्यानंतर वारा ऐकू येऊ लागला. गिरणीच्या भिंती ज्या घाईने मागे पडू लागल्या ती पाहून मी ब्रेक दाबला, आणि त्या जुन्या मोटारसायकलीच्या डिस्कविषयी मला अकस्मात अतिशय आदर वाटू लागला.

गाळ्याच्या भिंतीवर भाच्याने खडूने एक कोष्टक काढून ठेवले आहे. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी 25 किलोमीटरला सुमारे 200 वॅट पुरतात. 50 ला 1100 लागतात. 75 ला 3400. हवेचा विरोध ओलांडण्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 50 अँपिअरची मर्यादा असलेले हे वाहन, सर्व तोटे वजा जाता, सत्तरीच्या पलीकडे जात नाही, आणि त्या वेगाने बॅटरी तीस किलोमीटरही पुरत नाही, जरी पंचविशीने चालविले तर ती शंभराच्या पुढे नेईल. या कोष्टकावरून मला आणखी एक गोष्ट दिसली, ती म्हणजे आपल्या नियमकर्त्याने 250 वॅट आणि 25 किलोमीटर हे दोन आकडे अंदाजाने लिहिलेले नाहीत. ते एकमेकांना नेमके जुळतात. सत्तरीच्या वेगातील माणसाला थांबविण्यासाठी पंचविशीच्या जवळजवळ आठपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि सायकलीचे रबरी ब्रेक त्या कामासाठी जन्मलेले नाहीत. नियम शहाणा आहे. फक्त त्याला कारागीर ठाऊक नाही.

कारागिराला ओळखण्यात दुसऱ्या देशांनाही काही कमी वेळ लागलेला नाही, परंतु कित्येकदा ती ओळख फायद्याची ठरली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात सेड्रिक लिंच नावाच्या, अभियांत्रिकीचे कसलेही रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाने सूपचे रिकामे डबे सपाट करून त्यांच्या पत्र्यातून मोटारीचा गाभा केला. त्या चपट्या मोटारीची सुधारलेली आवृत्ती पुढे अग्नी या नावाने आपल्या गुजरातेत तयार होऊ लागली. 2009 साली आयल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली मोठी शर्यत झाली, तेव्हा अग्नीच्याच यंत्रावर बसलेल्या रॉब बार्बरने तो 60 किलोमीटरचा डोंगरी फेरा ताशी 140 किलोमीटरच्या सरासरीने पुरा करून पहिला क्रमांक मिळविला. पुण्याचा टॉर्क हा चमूही त्या शर्यतीत उतरला होता.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून, सुमारे 60,000 रुपयांत, पायाने किक मारून सुरू होणारी एक चारचाकी घडविली. 2021 च्या डिसेंबरात ती आनंद महिंद्रांच्या दृष्टीस पडली; नियमांत न बसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतीलच, असे म्हणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात ती दिली. सौजन्य वादातीत, पण या व्यवहाराचा अर्थ असाही होतो की हाताने घडविलेल्या वाहनाला रस्त्यावरून सन्मानाने उतरविण्याची सोय एका उद्योगपतीच्या औदार्यात सापडली. त्याला रस्त्यावर ठेवता येईल का, हे पाहण्याची सोय मात्र कोठेच नव्हती.

ब्रिटनमध्ये ती सोय आहे. घरी बांधलेली एकुलती एक मोटारसायकल मालकाने सरकारी तपासणी-केंद्रावर न्यायची, परीक्षकाने ब्रेक, दिवे, आवाज, धारदार कडा, वेगदर्शक एकेक पाहायचे, उत्तीर्ण झाली तर तिची नोंदणी, नापास झाली तर कारणांचा कागद हाती. हे मी आण्णांना सांगितले तेव्हा ते लेथवर एक बुशिंग कापीत होते. त्यांनी लेथ बंद केला. एकदा एका कचेरीत चौकशी करायला ते गेले होते, तेव्हाचा संवाद त्यांनी मला ऐकविला: कारखानदार कोण, असे विचारले, मीच, असे यांनी सांगितले, मग कारखान्याचा दाखला आणा, असे उत्तर मिळाले, आणि पाठीमागे रांग होती. त्यांनी या गोष्टीचा राग धरलेला नाही. समोरच्या कारकुनापुढे जो छापील अर्ज होता त्यात दुसरे काही लिहायला जागाच नव्हती, हे त्यांना मान्य आहे.

भाच्याचे डोळे पन्हाळ्यावर आहेत. किल्ला पायथ्याच्या मैदानापासून 400 मीटरहून अधिक उंच. माणूस आणि वाहन मिळून 135 किलो धरले तर एवढी उंची चढायला, वारा आणि तोटे सोडून, बॅटरीतील ऊर्जेचा जेमतेम दशांश लागतो, हे त्याने कोष्टकाखाली वेगळे लिहून ठेवले आहे. मोटारीचे तापमान त्या घाटात किती चढेल याचा मात्र हिशेब त्याला पुरता मांडता येत नाही, आणि तो प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग बंद आहे. शहाणपणाने त्याने नियम तोडलेलाही नाही. माझे मत विचाराल तर या दोघांना मोकळा परवाना मुळीच देऊ नये. त्यांना एक परीक्षक द्यावा, कडक, खडूस, हातात टॉर्च आणि मापक घेऊन चौकटीखाली वाकणारा. पुण्यात आणि अहिल्यानगरला ज्या संस्था आहेत त्यांच्याजवळ विद्या आहे, यंत्रे आहेत. वर्षातून ठरावीक दिवस एकेकट्या वाहनांसाठी राखून ठेवणे आणि त्याचे वाजवी शुल्क घेणे, ही काही राज्य बुडविणारी तजवीज नव्हे.

आण्णांनी परीक्षेविषयी पुष्कळ बारीक प्रश्न विचारले: झाळ कशी तपासतात, प्लेटा सोडवून पाहतात काय, ब्रेक ओल्या रस्त्यावर घेतात की कोरड्या. मग लेथ पुन्हा सुरू करण्यापूर्वी म्हणाले, "घेऊ दे की आमची परीक्षा. नापास केलं तर कुठं चुकलं ते तरी कळंल."

त्या बुशिंगला अजून दोन धागे कमी करायचे होते.